तुरुंगांतील आई आणि तिचीं मुलें

एखादा पांच वर्षांचा मुलगा 'मी जातों' असें न म्हणतां 'मी जातें' असें म्हणूं लागला, तर घरांतील वडील माणसें हंसतील, मास्तर त्याची चूक सुधारतील आणि गोष्ट तेथेंच संपेल. परंतु कांहीं मुलांच्या बाबतींत ही चूक केवळ व्याकरणाची नसते. आपल्या देशांतील तुरुंगांत आईबरोबर वाढलेल्या मुलांची ज्यांनीं पाहणी केली, त्यांना असे मुलगे आढळले कीं जे स्वतःविषयीं बोलतांना स्त्रीलिंगी क्रियापदें वापरतात. कारण जन्मापासून त्यांच्या कानांवर स्त्रियांचीच बोली पडलेली असते. पुरुष म्हणून त्यांनीं पाहिलेला असतो तो पोलिसांतील किंवा तुरुंगाच्या चाकरींतील एखादा अधिकारी. रस्त्यांत एखादें जनावर दिसलें तरी तीं मुलें भितात. 'घर' या शब्दानें तुम्हांआम्हांला जें समजतें, त्याची त्यांना कल्पनाच नसते. हें वर्णन कोणा कादंबरीकाराचें नव्हे. सर्वोच्च न्यायालयानें १३ एप्रिल २००६ रोजीं आर. डी. उपाध्याय विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणांत जो निर्णय दिला, त्यांत अशा पाहणीचा आधार घेतलेला आहे.

न्यायाधीश शिक्षा फर्मावितात ती एका व्यक्तीला. निकालपत्रांत नांव तिचेंच असतें, कलमें तिच्यावरच लागू होतात, आणि मुदतहि तिच्याच आयुष्यांतून वजा व्हावयाची असते. पण ती व्यक्ति जर आई असेल, तर त्या निकालाची अंमलबजावणी आणखी दोघांतिघांवर होते, आणि त्यांचें नांव कोणत्याहि कागदावर नसतें. कारागृहाच्या भिंतीच्या आंत असलेल्या मुलांकडे अलीकडे थोडें लक्ष जाऊं लागलें आहे. भिंतीच्या बाहेर राहिलेल्या मुलांकडे तेवढेंहि जात नाहीं. या विषयाचा विचार करतांना या दोन्ही प्रकारच्या मुलांना एकत्रच डोळ्यांपुढें ठेवावयास हवें.

प्रथम आंकडे पाहूं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणें ३१ डिसेंबर २०२२ रोजीं भारतांतील तुरुंगांत २३,७७२ स्त्रिया होत्या. त्यांपैकीं १,५३७ स्त्रियांजवळ त्यांचीं मुलें होतीं, आणि त्या मुलांची संख्या १,७६४ होती. या १,५३७ मातांपैकीं १,३१२ माता तुरुंगाच्या बोलींत ज्यांना 'कच्चे कैदी' म्हणतात त्या वर्गांतल्या होत्या. म्हणजे त्यांच्यावरील खटल्याचा निकाल अद्याप लागावयाचा होता. शंभरांतील सुमारें पंच्याऐंशी माता अपराधी ठरलेल्याच नव्हत्या. त्यांच्यापाशीं असलेलीं १,४७९ मुलें ज्या अपराधापायीं बराकींत वाढत होतीं, तो अपराध घडला कीं नाहीं हेंच न्यायालयानें अजून ठरविलें नव्हतें.

आतां एक साधी वजाबाकी करावी. २३,७७२ मधून १,५३७ गेल्या कीं उरतात २२,२३५. या सर्व स्त्रिया निपुत्रिक असतील काय? तसें मानणें वेडेपणाचें होईल. मग यांचीं मुलें कोठें आहेत? कोणी आजीकडे असेल, कोणी मामाच्या घरीं आश्रितासारखें असेल, कोणी शेजारणीनें चार दिवसांसाठीं म्हणून ठेवून घेतलें आणि चार महिने झाले तरी तेथेंच असेल. कोठें बारा वर्षांची थोरली बहीण शाळा सोडून धाकट्यांसाठीं भाकऱ्या थापीत असेल. त्या अहवालांत दयेच्या अर्जांचा रकाना आहे, तुरुंग फोडून पळालेल्यांचा रकाना आहे. या मुलांचा मात्र रकाना नाहीं.

हा प्रश्न आजचा नाहीं. लंडनच्या न्यूगेट तुरुंगांत १८१३ सालीं एलिझाबेथ फ्राय ही क्वेकर पंथाची बाई प्रथम गेली, तेव्हां सुमारें तीनशें स्त्रिया आपल्या मुलांसह अपुऱ्या जागेंत कोंडलेल्या तिला दिसल्या. तेथेंच स्वयंपाक, तेथेंच धुणें, तेथेंच जमिनीवर निजणें. पुढें १८१७ सालीं तिनें तेथें मुलांसाठीं शाळा काढली. ती काढतांना तिनें केलेली एक गोष्ट आजहि लक्षांत ठेवण्यासारखी आहे. अधिकाऱ्यांकडून हुकूम आणून तिनें शाळा लादली नाहीं. आधीं त्या कैदी मातांनाच विचारलें, आणि त्यांचा होकार मिळाल्यावर त्यांच्यांतीलच एक, घड्याळ चोरल्याबद्दल शिक्षा झालेली तरुण स्त्री, शिक्षिका म्हणून नेमली. पुढें १८२३ च्या इंग्रजी कायद्यानें स्त्री-कैद्यांवर स्त्री-पहारेकरीच असावेत असा नियम झाला, त्याच्या मागें याच बाईची खटपट होती.

आपल्या पुण्यांतील गोष्ट तर याहूनहि विचार करावयास लावणारी आहे. काशीबाई नांवाच्या एका विधवेनें लोकलज्जेस्तव आपल्या नवजात अर्भकाचा जीव घेतला आणि १८६३ सालीं तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं त्याच वर्षीं आपल्या घराशीं बालहत्या-प्रतिबंधक गृह उघडलें. तिला शिक्षा योग्य झाली कीं अयोग्य, या वादांत ते दोघे अडकून पडले नाहींत. ती त्या थरास जाण्यापूर्वीं तिला एक दार उघडें असतें तर काय झालें असतें, हा प्रश्न त्यांनीं स्वतःस घातला आणि दार उघडून टाकलें. तुरुंगांतील मातांविषयीं जें जें करावयाचें, त्यांतील पुष्कळसें तुरुंगाच्या अलीकडेच करावयाचें असतें, हें त्या जोडप्याला दीडशेंहून अधिक वर्षांपूर्वीं समजलें होतें.

आतां २००६ च्या निर्णयाकडे वळूं. मूळ अर्ज १९९४ सालचा. खटला न चालतां वर्षानुवर्षें खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांविषयीं तो होता. त्यांतूनच कारागृहांतील मुलांचा प्रश्न निघाला, आणि न्यायालयानें देशांतील सर्व राज्यांसाठीं आज्ञा घालून दिल्या. त्यांतील मुख्य तत्त्व असें कीं, आईबरोबर तुरुंगांत असलेल्या मुलास कैदी समजतां कामा नये. अन्न, वस्त्र, निवारा, औषधपाणी, शिक्षण व खेळ हीं त्याला हक्कानें मिळालीं पाहिजेत. कोणाच्या मेहेरबानीनें नव्हेत.

तत्त्व सांगणें सोपें असतें. निर्णयाची खरी थोरवी त्यांतील बारीकसारीक कलमांत आहे. गर्भवती स्त्रीला एखाद्या तुरुंगांत पाठविण्यापूर्वीं तेथें प्रसूतीची व आधींनंतरच्या शुश्रूषेची निदान आवश्यक तेवढी सोय आहे, याची खात्री करून घ्यावयाची. शक्य असेल आणि तिला जाण्यासारखी जागा असेल, तर तात्पुरती सुटका देऊन बाळंतपण बाहेरच होऊं द्यावयाचें. जन्माची नोंद स्थानिक कचेरींत व्हावयाचीच. परंतु जन्मस्थान म्हणून तुरुंगाचा उल्लेख करावयाचा नाहीं, केवळ त्या वस्तीचा पत्ता लिहावयाचा. या एका वाक्याचें मोल ज्यांनीं शाळेंत मुलांचीं नांवें दाखल करून घेतलीं आहेत त्यांना अधिक कळेल. जन्मतारखेच्या दाखल्यावर 'मध्यवर्ती कारागृह' हे दोन शब्द असते, तर तें मूल शाळेंत, नोकरींत, विवाहाच्या बोलण्यांत, जेथें जेथें तो कागद पुढें करील तेथें तेथें आईचा खटला पुन्हां उभा राहिला असता. बारशाची सोय करून द्यावी, असेंहि न्यायालयानें सांगितलें आहे. देशांतील सर्वोच्च न्यायपीठानें पाळण्याची आठवण ठेवावी, यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं.

आहाराच्या बाबतींत हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचें कोष्टकच न्यायालयानें पुढें ठेवलें. वरचें दूध पिणाऱ्या लहान मुलास रोज अर्धा लिटर दूध, त्याशिवाय धान्य, डाळ, पालेभाजी, फळ, साखर व स्निग्ध पदार्थ, सर्व वयाच्या मानानें तोलून दिलेले. मुलाला भरविण्यासाठीं प्रत्येक आईजवळ योग्य आकाराचीं वेगळीं भांडीं असावींत, हेंहि लिहून ठेवलें. मोठ्या माणसाच्या थाळींतून दोन वर्षांच्या पोराला चारतांना काय होतें हें ज्या घरांत मूल आहे त्या घराला सांगावयास नको. तीन वर्षांच्या आंतील मुलांसाठीं पाळणाघर व तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठीं बालवाडी असावी, आणि तीं होतां होईतों तुरुंगाच्या आवाराबाहेर चालवावींत, असें न्यायालय म्हणतें. 'आवाराबाहेर' हा शब्द महत्त्वाचा. सकाळीं मूल फाटकाबाहेर पडतें. त्याला रिक्षा दिसते, भाजीवाला दिसतो, कुत्रें दिसतें, आणि संध्याकाळीं तें आईकडे परत येतें. वर सांगितलेल्या व्याकरणाच्या चुकीवर याहून चांगला उपाय नाहीं. दिल्लीच्या तिहार तुरुंगांत किरण बेदी १९९३ ते १९९५ या काळांत मुख्य अधिकारी असतांना मुलांसाठीं पाळणाघर सुरू झालें, तेव्हां पुष्कळांना ती चैन वाटली होती. पुढें तीच गोष्ट न्यायालयाच्या आज्ञेंत आली.

येथपर्यंत सर्व ठीक. पण निर्णयांतील एक नियम असा आहे कीं तो वाचतांना मन थबकतें. मूल आईजवळ राहूं शकतें तें सहा वर्षांचें होईपर्यंत. त्यानंतर आईच्या इच्छेप्रमाणें त्याला योग्य नातलगाकडे द्यावयाचें, आणि तसा कोणी नसेल तर समाजकल्याण खात्याच्या संस्थेंत ठेवावयाचें.

नियम चुकीचा आहे असें म्हणतां येत नाहीं. चुकीचें आहे तें मुळांत मुलाचें तेथें असणें. चोरी, मारामारी, खून अशा सर्व प्रकारच्या आरोपांखालीं आलेल्या बायकांच्या गर्दींत, एकाच बराकींत, रात्रंदिवस कानांवर पडेल तें ऐकत मूल वाढवावें, असें कोणीहि म्हणणार नाहीं. तरी पण सहा वर्षें ज्या एकाच माणसाच्या कुशींत तें निजलें, ज्याच्यावांचून त्याला जगांत दुसरें कोणी ठाऊक नाहीं, त्या माणसापासून त्याला वाढदिवसाच्या सुमारास दूर करावयाचें, हेंहि सहजपणें 'योग्य' म्हणतां येत नाहीं. आपल्याकडे इतर घरांत मुलाचा सहावा वाढदिवस म्हणजे नवीं पुस्तकें आणि शाळेचा गणवेष. या घरांत आई ते दिवस मोजूं लागते ते भीतीनें. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'प्रयास' या उपक्रमानें मुंबई व पुणें या दोन शहरांतील अशा मुलांचा अभ्यास करून २००२ च्या सुमारास जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याला 'सक्तीची ताटातूट' या अर्थाचें नांव दिलें आहे. तें नांव त्यांनीं विचारपूर्वक ठेवलेलें दिसतें. ताटातूट अटळ असेल, पण सक्ति ही सक्तिच.

म्हणूनच या नियमाबरोबर न्यायालयानें दोन गोष्टी जोडून दिल्या. एक, होतां होईतों मुलाला त्याच गांवच्या संस्थेंत ठेवावें, दूरच्या गांवीं पाठवूं नये. दुसरी, आठवड्यांतून निदान एकदां त्याची आईशीं भेट व्हावी. कागदावर या दोन ओळी लहान दिसतात. त्या पाळावयाच्या म्हणजे संस्थेच्या एका माणसानें दर आठवड्यास मुलाचा हात धरून निघावयाचें, बसचें भाडें कोणी तरी द्यावयाचें, फाटकावर नांवें लिहावयाचीं, रांगेंत उभें राहावयाचें, आणि भेटीची वेळ टळली तर तसेंच परत यावयाचें. मुलाचें आईशीं असलेलें नातें अशा बसच्या तिकिटावर अवलंबून असतें. ज्या संस्थेजवळ असा माणूस नाहीं तेथें आठवड्याचा महिना होतो, महिन्याचे सहा महिने होतात, आणि मग कोणाची कांहीं तक्रारहि राहत नाहीं. कारण मूल विचारावयाचें थांबलेलें असतें.

आणि भेट तरी कशी? तुरुंगांत तिला 'मुलाखत' म्हणतात. मध्यें जाळी किंवा कांच. पुष्कळ ठिकाणीं बोलावयाचें तें टेलिफोनच्या नळींतून. मोठ्या माणसाचें यावर भागतें. चार वर्षांच्या मुलीला कांचेपलीकडची आई ही चित्रांतल्या बाईपेक्षां फारशी वेगळी वाटत नाहीं. ती हात लावावयास जाते आणि कांच गार लागते. महाराष्ट्रांतील कांहीं कारागृहांनीं 'गळाभेट' या नांवानें कैद्यांची व त्यांच्या मुलांची समोरासमोर, मध्यें अडथळा न ठेवतां भेट घडवून आणण्याचा उपक्रम केला. नांव मोठें समर्पक आहे. तेथें आई मुलाला मांडीवर घेते, घरून आणलेला किंवा तेथेंच मिळालेला खाऊ भरविते, केंसांतून हात फिरविते. असा प्रसंग वर्षांतील एखाद्या दिवसाचा समारंभ न राहतां नेहमींच्या मुलाखतीची रीत झाली, तर त्यासाठीं फार मोठा खर्च येईल असेंहि नाहीं. एक खोली, एक सतरंजी, एक पहारेकरीण आणि तपासणीसाठीं थोडा अधिक वेळ, एवढीच सामग्री लागते.

भिंतीच्या आंतील मुलांविषयीं एवढें झालें. बाहेरच्या मुलांची गोष्ट निराळी आहे, आणि ती सुरू होते अटकेच्या क्षणीं.

स्त्रीला सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वीं अटक करूं नये, अपवादाचा प्रसंग असेल तर स्त्री-अधिकाऱ्यानें दंडाधिकाऱ्याची आधीं परवानगी घेऊन करावी, असा नियम आपल्या फौजदारी प्रक्रियेंत २००५ च्या दुरुस्तीनें आला, आणि १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेंतहि तो कायम आहे. अटक झाल्याची खबर एखाद्या नातलगाला किंवा मित्राला देणेंहि पोलिसांवर बंधनकारक आहे. हे दोन्ही नियम चांगले. परंतु खबर देण्याच्या त्या कलमांत 'घरीं मूल आहे काय, आणि आज रात्रीं तें कोणापाशीं निजेल?' या प्रश्नाला जागा नाहीं. दुपारीं बाईला ठाण्यावर नेलें, आणि साडेपांच वाजतां शाळा सुटून आलेल्या मुलाला दाराला कुलूप दिसलें, तर त्यांत कोणत्याहि नियमाचा भंग झालेला नसतो. हीच तर अडचण आहे.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेनें डिसेंबर २०१० मध्यें स्त्री-कैद्यांच्या वागणुकीसंबंधीं ७० नियम मान्य केले. थायलंडनें त्यांत पुढाकार घेतल्यामुळें ते 'बँकॉक नियम' म्हणून ओळखले जातात. त्यांतील दुसरा व तिसरा नियम नेमका याच ठिकाणीं बोट ठेवतो. जिच्यावर मुलांचा भार आहे अशा स्त्रीला तुरुंगांत घेण्यापूर्वीं किंवा घेतांना मुलांची व्यवस्था लावावयास सवड द्यावी. जरूर तर कांहीं काळ कैद पुढें ढकलावी. प्रवेशाच्या वेळीं तिच्या मुलांची संख्या, नांवें, वयें, आणि तीं तिच्याबरोबर नसतील तर कोठें व कोणाच्या ताब्यांत आहेत, हें लिहून घ्यावें. मात्र ही माहिती गुप्त ठेवावी व तिचा उपयोग मुलांच्या हितासाठींच करावा. प्रसूतीच्या वेळीं बेड्या घालूं नयेत, हेंहि त्याच नियमांत आहे. अमेरिकेसारख्या पुढारलेल्या म्हणविणाऱ्या देशांत मध्यवर्ती सरकारच्या तुरुंगांपुरता हा मज्जाव कायद्यानें घालावयास २०१८ साल उजाडावें लागलें, हें पाहिलें म्हणजे सुधारणा आणि दयाबुद्धि एकत्र नांदतातच असें नाहीं, याची खात्री पटते. बँकॉकचे हे नियम एखाद्या राज्यावर कायद्यासारखे बंधनकारक नाहींत. पण नोंदवहींत चार रकाने वाढवावयास कोणत्या विधिमंडळाची बैठक बोलवावी लागते?

येथें एक आक्षेप नेहमीं घेतला जातो. मुलें पुरुष-कैद्यांनाहि असतात. मग आईचीच एवढी कींव कां? आणि मूल आहे म्हणून अपराध माफ करावयाचा काय? आक्षेप टाळण्यासारखा नाहीं. दक्षिण आफ्रिकेंत तो न्यायालयापुढें प्रत्यक्ष आला. १९९४ सालीं नेल्सन मंडेला अध्यक्ष झाले, तेव्हां ज्या कैदी स्त्रियांना बारा वर्षांच्या आंतील मुलें होतीं त्यांतील कांहीं प्रकारच्या कैद्यांची उरलेली शिक्षा त्यांनीं माफ केली. ह्यूगो नांवाच्या एका कैद्यानें विचारलें, माझी बायको वारली आहे, मुलगा लहान आहे, मग मला कां नाहीं? तेथील घटना-न्यायालयानें १९९७ सालीं अध्यक्षांचा हुकूम कायम ठेवला. त्या समाजांत मुलांचा भार बहुतांशीं स्त्रियाच वाहतात, हें त्यानें ध्यानांत घेतलें. पण ह्यूगोच्या प्रश्नांत तथ्य होतें, आणि दहा वर्षांनीं, २००७ सालीं, त्याच न्यायालयानें त्याचें अधिक समाधानकारक उत्तर शोधलें.

तें प्रकरण एका स्त्रीचें होतें. तीन मुलगे एकटीनें वाढविणाऱ्या या बाईनें क्रेडिट कार्डांच्या आधारें फसवणूक केली होती, तीहि एकदां नव्हे. न्यायमूर्ति आल्बी सॅक्स यांनीं निकाल लिहिला. वर्णभेदाच्या राजवटींत स्वतः तुरुंग भोगलेला आणि १९८८ सालीं बॉम्बनें उजवा हात गमावलेला हा माणूस. शिक्षा व हिंसा यांचा अर्थ त्यांना पुस्तकांतून शिकावा लागला नव्हता. त्यांनीं सांगितलें तें थोडक्यांत असें: अपराध्याला मूल आहे म्हणून तो सुटत नाहीं, परंतु मुलाचा मुख्य सांभाळ करणारी व्यक्ति, मग ती आई असो वा दुसरें कोणी, न्यायालयापुढें उभी असेल, तर शिक्षा ठरविण्यापूर्वीं त्या मुलाचें काय होणार हें न्यायालयानें चौकशी करून पाहिलेंच पाहिजे. मुलाची तरतूद नीट होत असेल आणि अपराध भारी असेल, तर तुरुंग. एकाहून अधिक शिक्षा योग्य ठरण्यासारख्या असतील, तर मुलाला कमी इजा करणारी निवडावी. त्या बाईला तुरुंगांत न धाडतां देखरेखीखालीं ठेवण्यांत आलें, समाजोपयोगी काम लावलें, आणि जिनें ज्यांना फसविलें त्यांचे पैसे तिनें फेडावे असें ठरलें. फसवल्या गेलेल्यांना पैसे मिळाले पाहिजेत हें येथें विसरूं नये. ती आंत गेली असती तर ते कोणी फेडले असते?

आपल्याकडे शिक्षेच्या आधींचीच पायरी अधिक महत्त्वाची आहे, कारण वर पाहिल्याप्रमाणें मुलांसह आंत असलेल्या बहुतेक माता कच्च्या कैदी आहेत. कायदा या बाबतींत स्त्रीला प्रतिकूल नाहीं. देहान्ताच्या किंवा जन्मठेपेच्या आरोपांतहि, जेथें सामान्यतः जामीन नाकारावयाचा, तेथें आरोपी स्त्री असल्यास न्यायालयाला जामीन देतां येतो. पहिल्यानेंच आरोप आलेल्या कच्च्या कैद्यानें, देहान्त व जन्मठेपेचे गुन्हे वगळून, कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश मुदत भोगली असेल, तर त्याला बंधपत्रावर सोडावें असें नवी संहिता सांगते. मग या बाया आंत कां राहतात? जामीन मंजूर होतो आणि जामीनदार मिळत नाहीं, हें एक मोठें कारण. घर नवऱ्याच्या नांवावर, शेत सासऱ्याच्या नांवावर, शिधापत्रिकेवरहि पुष्कळदां ती कोणाची तरी सून. पुरुष तुरुंगांत गेला कीं आई, बायको, बहीण वकिलाचे उंबरठे झिजवितात. स्त्री गेली कीं दोन्ही घरचे लोक तिचें नांव घेईनासे होतात. दहापंधरा हजारांच्या रकमेपायीं महिने जातात. केंद्र सरकारनें २०२३ सालीं गरीब कैद्यांसाठीं योजना काढली आहे. आरंभींच्या नियमांप्रमाणें जिल्ह्याच्या समितीमार्फत कच्च्या कैद्याच्या जामिनासाठीं ४०,००० रुपयांपर्यंत मदतीची तरतूद होती. पण अर्ज कोणी तरी करावा लागतो, आणि ज्या बाईला भेटावयास कोणी येत नाहीं तिला योजनेचें नांव तरी कोण सांगणार? कारागृहांत जाणारा विधिसेवा प्राधिकरणाचा वकील किंवा समाजसेविका हाच तिचा तेवढा दुवा असतो.

हें सर्व ऐकतांना शहरांतील सुखवस्तु कुटुंबांस वाटेल कीं हा प्रश्न सरकारचा, न्यायालयाचा आणि तुरुंगाचा; आपला त्याशीं संबंध काय? संबंध पुष्कळदां आपल्या स्वयंपाकघरापर्यंत असतो. घरांतली बांगडी दिसेनाशी होते. घरांत माणसें पांच, आलेगेले दहा. पण नांव जातें तें भांडीं घासणाऱ्या बाईवर. फिर्याद लिहिली जाते. बांगडी खरोखरच तिनें घेतली असेल, तर फिर्याद देणें हा मालकाचा हक्क आहे, आणि तो कोणी नाकारीत नाहीं. कधीं ती कपाटामागें सांपडते, आणि तोंवर दोन आठवडे झालेले असतात. चोरी असो वा नसो, त्या दिवशीं फिर्याद लिहून देतांना मालकिणीला एक गोष्ट निश्चित माहीत असते, जी ठाणेदाराला माहीत नसते: या बाईला आठ वर्षांची मुलगी आहे, ती अमक्या शाळेंत जाते, आणि घरीं दुसरें कोणी नाहीं. हें वाक्य ठाण्यावर बोलून दाखविल्यानें फिर्याद कमकुवत होत नाहीं. संकटांतील मुलांसाठीं १०९८ हा टेलिफोन क्रमांक देशभर आहे. आणि प्रत्येक जिल्ह्यांत बालकल्याण समिति कायद्यानें नेमलेली असते. तिला कळविलें म्हणजे निदान त्या रात्रीं मुलीची सोय कोणा शेजाऱ्याच्या मर्जीवर राहत नाहीं.

शाळांनाहि यांत कांहीं करतां येतें, आणि तें अगदीं लहान आहे. आई तुरुंगांत असलेलें मूल वर्गांत ओळखूं येतें तें बहुधा प्रगतिपुस्तकाच्या दिवशीं. पालकाची सही होऊन पुस्तक दुसऱ्या दिवशीं आणावयाचें असतें, आणि याचें येत नाहीं. आज विसरलों, उद्यां आणतों, असें तें चार दिवस सांगतें. घरीं असते ती म्हातारी आजी, आणि तिला लिहितां येत नाहीं. अशा मुलाला सर्वांदेखत उभें करून 'आई कोठें गेली?' असें विचारूं नये. मधल्या सुट्टींत जवळ बोलावून आजीचा अंगठा चालेल एवढें सांगावें, आणि घरीं शाईची गादी नसेल तर शाळेंतली द्यावी.